निकाल पंधरा दिवसांत

पैज लागली आमच्या इमारतीच्या जिन्यात. लिफ्ट बंद होती, आणि चार मजले चढताना माणसाची आधी अक्कल सुटते, घाम मागून.

दुसऱ्या मजल्यावर घड्याळजी थांबला. हा माझा शेजारी. डोळ्याला भिंग लावून दिवसभर दुसऱ्यांची वेळ सुधारत बसतो. बायको परदेशात नर्स. तिला आठवा महिना लागला होता आणि जवळ घरचं म्हणावं असं कुणी नव्हतं. म्हणून घड्याळजी आणि त्याची सासू, दोघांनी तिकडे जायच्या परवान्याचे अर्ज एकाच दिवशी, एकाच कचेरीत भरले. घड्याळजीनं वर 'तातडी शुल्क' भरलं. सासूबाईंनी नाही.

"पंधरा दिवसांत निकाल," घड्याळजी पावती हलवत म्हणाला. "लेखी हमी आहे. नाही दिला तर पैसे परत."

"जावईबापू, रांगेत उभं राहायचे पैसे आपण द्यायचे?" सासूबाई मागून म्हणाल्या. दोन्ही हातात भाजीच्या पिशव्या होत्या, पण दम लागला होता जावयाला. "उभं राहायचे तर आपल्याला मिळायला हवेत."

अशा वेळी मला गप्प बसवत नाही. "मावशींचा निकाल तुझ्या आधी लागतो की नाही बघ," मी म्हणालो.

"लाव पैज."

"लावली. हरेल त्यानं कचेरीच्या फाटकासमोर कान धरून उठाबशा काढायच्या. पहिला निकाल यायला जितके दिवस लागतील, तितक्या."

"म्हणजे तुला पंधराच," घड्याळजी म्हणाला. "स्वस्तात सुटलास."

मी कशाच्या जिवावर बोललो ते सांगतो. माझं दुकान त्या कचेरीच्या समोरच आहे. रबरी शिक्के बनवतो मी. कचेरीला नवं काही सुचलं की आधी शिक्का लागतो, त्यामुळे आत काय शिजतंय ते साहेबाच्या बायकोच्या आधी मला कळतं. गेल्या वर्षी त्यांनी 'तातडीचे' असा शिक्का नेला. दोन महिन्यांत सगळ्यांचेच अर्ज तातडीचे झाले आणि रांग फाटकाबाहेर आली, म्हणून 'अति तातडीचे' नेला. ती रांग वळणापर्यंत गेली, तेव्हा 'खरोखर तातडीचे'. परवा शिपाई 'खरोखरच तातडीचे' सांगून गेला. मी विचारलं, "त्या 'च'चे वेगळे पैसे घेता का रे?" तो म्हणाला, "'च'चेच तर घेतो."

साध्या खिडकीवर मात्र कुत्रं फिरकत नव्हतं. सासूबाई तिथं पोचल्या तेव्हा कारकुनानं स्वतः उठून खुर्ची दिली. दुसरं काम नसल्यामुळे त्यानं अर्ज चक्क वाचायला घेतला. पहिल्या पानापासून. तिसऱ्या पानावर त्याला एक शंका आली, ती सासूबाईंनी तिथंच बसून सोडवली. सहाव्या पानापर्यंत त्याच्या बहिणीचं लग्न कुठं अडलंय आणि का, हेही त्यांना ठाऊक झालं होतं.

इकडे घड्याळजी दुकानाला कुलूप लावून रोज रांगेत. रांगेत उभं राहावं लागू नये म्हणून पैसे भरलेली चारशे माणसं त्याच्या पुढंमागं उभी होती. आठव्या दिवशी त्याचा धीर सुटला. दुकानातलं वडिलांचं लंबकाचं घड्याळ विकून त्यानं 'च' भरला.

"आता बघ," तो मला म्हणाला.

"बघतोच आहे," मी म्हणालो.

पंधराव्या दिवशी घड्याळजीची लेखी हमी फसलेली बघावी म्हणून मी दुकान सोडून त्याच्याबरोबर गेलो. दुपारचे दोन वाजले होते.

"आज पंधरावा दिवस," घड्याळजी खिडकीत म्हणाला.

"कुणाच्या हिशेबानं?" तातडीचा कारकून म्हणाला.

"कॅलेंडरच्या."

"नियम सात, पोटनियम तीन. दिवस विभागाच्या घड्याळाप्रमाणे मोजण्यात येतील." त्यानं पेनानं भिंतीकडे दाखवलं. तिथं तारीख-वार दाखवणारं भलंमोठं घड्याळ होतं. बंद. मंगळवार, चार तारीख, दहा वाजून दहा मिनिटं. "आमच्याकडे अजून पहिलाच दिवस चालू आहे. अजून चहासुद्धा यायचाय."

"हे दुरुस्त का करत नाही?"

"बंद असल्याचा अहवाल वर पाठवलाय." कारकून थांबला. "साध्या टपालानं."

दुसरा कुणी असता तर भांडला असता. घड्याळजीनं खिशातून भिंग काढलं. स्टूल ओढलं, वर चढला. स्टूल मी धरलं होतं, ते नाकारत नाही. पाच मिनिटं त्यानं आत काहीतरी खुडबुड केली, फुंकर मारली आणि घड्याळ टिकटिकायला लागलं. मग त्यानं वेळ लावली आणि किल्ली फिरवून तारीख पुढं नेली. चार, पाच, सहा, करत अठरा. वार मंगळवारच निघाला. रांगेनं टाळ्या वाजवल्या.

कारकुनाचा चेहरा उतरला. "काय केलंत हे? सगळ्या पावत्यांवर याच घड्याळाची तारीख पडलीय. चार. म्हणजे चारशे सत्तर अर्जांचा आज पंधरावा दिवस. पाचच्या आत निकाल दिला नाही तर सगळ्यांचे पैसे परत."

'पैसे परत' हे शब्द ऐकून आतून साहेब आले. पंधरा दिवसांत प्रथमच.

"एक अर्ज वाचायला किती वेळ लागतो?" साहेबांनी विचारलं.

"सांगता येणार नाही, साहेब. वाचला नाही कधी."

साहेबांनी घड्याळाकडे बघितलं. "आपण हमी कशाची दिलीय?"

"निकालाची."

"निकालाची. मंजुरीची नाही."

मी दुकानात परत येतोय तोवर शिपाई धावत मागून आला. "एक मोठा शिक्का. आपोआप शाई लागणारा. तासाभरात पाहिजे."

"तासाभरात म्हणजे दुप्पट पडतील," मी म्हणालो.

तो कुरकुरला नाही. पैसे रांगेतल्यांचे होते. त्यानं कागद पुढं केला, त्यावर एकच शब्द होता. नामंजूर.

मला कळलं. इथं मी सज्जन असतो तर म्हणालो असतो, मशीन बिघडलंय. पाच वाजू दिले असते. सगळ्यांना पैसे परत मिळाले असते, आणि अर्जही जिवंत राहिले असते. पण दुप्पट म्हणजे दुप्पट. शिवाय वेळेवर काम म्हणून माझ्या दुकानाचं नाव आहे. पन्नास मिनिटांत नेऊन दिला.

चार वाजल्यापासून आत ठप, ठप सुरू झालं. चार पंचावन्नला घड्याळजीच्या हातात कागद पडला. 'आपल्या अर्जाचा सर्वांगीण विचार होऊन तो निकालात काढण्यात आला आहे. सहा महिने नवीन अर्ज करता येणार नाही.' खाली माझं अक्षर, ठळक, चारही कोपरे स्वच्छ उमटलेले.

घड्याळजीनं तो भिंग लावून वाचला. मग कागदाची घडी घालून म्हणाला, "पैज मी जिंकलो."

सासूबाई साध्या खिडकीवरून आल्या होत्या, मी त्यांच्याकडे बघितलं. "मावशी, तुमचं?"

"विचाराधीन. नववं पान झालं." त्यांनी जावयाच्या हातातला कागद घेऊन आपल्या पिशवीत टाकला. "माझ्यावर विचार तरी चाललाय. तुमच्यावर केलाच नाही कुणी. जेवून घ्या आधी. बाराच पानं आहेत, मी पोचते तिच्याजवळ."

"आणि मी?"

"तुम्ही उष्टावणाला या."

मग फाटकासमोर मी कान धरले. दुसऱ्या दिवशी अर्ज भरता यावा म्हणून आलेली साठ-सत्तर माणसं संध्याकाळपासूनच जागा धरून बसली होती, ती गोळा झाली. घड्याळजी मोजायला लागला. एकही आकडा गाळला नाही, एकही घाईनं म्हटला नाही.

चौथ्या उठाबशीला एका फाईलवाल्यानं विचारलं, "यांनी काय केलं?"

"माझ्या जावयाशी पैज हरला," सासूबाई म्हणाल्या. "त्यांचा निकाल पंधरा दिवसांत लागला."

"पंधरा? खरंच?"

"मोजून."

सहाव्याला मागून कुणीतरी विचारलं, "कुठल्या खिडकीवर?" आठव्याला कळलं की शुल्क घ्यायची खिडकी रात्री आठपर्यंत उघडी असते. दहाव्याला गर्दी फाटकातून आत घुसली, दोघांच्या चपला माझ्यापुढं राहिल्या. पंधरावी काढून मी गुडघे धरून उभा राहिलो तेव्हा समोर घड्याळजी आणि सासूबाई, दोघंच.

निकाल काय लागला, हे त्यांतल्या एकानंही विचारलं नाही. तुम्ही अर्थातच विचारलं असतं. पैसे भरून झाल्यावर.