राजधानीबाहेरचं पाणी

अण्णा राशीनकर कुठल्याही गावात एसटीतून उतरले की देऊळ विचारत नसत, चावडी विचारत नसत, विहीर विचारत. खांद्यावरच्या पिशवीतून पितळी तांब्या आणि दोरी काढायची, स्वतः पाणी शेंदायचं, एक घोट तोंडात धरायचा आणि डोळे मिटून उभं राहायचं. एवढं झालं की सहल संपली. मग परतीची गाडी कधी आहे, ते बघायचं.

मी नगरच्या एका कचेरीत आस्थापनेचा कारकून म्हणून लागलो, तेव्हा अण्णा तिथले हेडक्लार्क होते. धोतर, बंद गळ्याचा कोट, काळी टोपी, घरी एकटे. शनिवारी कचेरी सुटायच्या वेळी ते टेबलावर रूळ आपटत आणि पुकारा करत, "उद्या राजधानीबाहेर पडायचंय! कोण कोण आहे?"

राजधानी म्हणजे नगर. निजामशाही बुडून तीनशेवर वर्षं झाली, ही बातमी अण्णांपर्यंत पोचलेली नव्हती. "किल्ला आणि चांदबिबीचा महाल पाहुण्यांना दाखवा," ते म्हणत. "राजधानीच्या माणसानं आतला मुलूख बघावा!"

पण पाहुण्यांची तरी कुठे सुटका होती? माझे पुण्याचे मेहुणे गळ्यात कॅमेरा अडकवून किल्ला बघायला म्हणून आले, ते थेट अण्णांच्या तावडीत सापडले. अण्णांनी त्यांना रणरणत्या उन्हात तीन गावं आणि चार विहिरी दाखवल्या. प्रत्येक ठिकाणी तांब्या पुढे करून म्हणायचे, "घ्या. काय वाटतं?"

"पाणी वाटतं," मेहुणे म्हणाले.

अण्णांना अतोनात वाईट वाटलं. "अहो, हे मघाच्यापेक्षा जड आहे. मघाचं जरा तुसडं होतं. तुमच्या पुण्यात नळ आले आणि जिभा गेल्या!"

मेहुणे संध्याकाळी पाय शेकत बसले आणि मला वाटलं, हा माणूस पुन्हा नगरचं नाव काढत नाही. पण पुढच्या दिवाळीला आले ते दारातूनच विचारत, "तुमचे ते पाणीवाले अण्णा आहेत का?"

गावोगावी लोकांची समजूत व्हायची की सरकारनं पाणी तपासायला साहेब पाठवलाय. कोट-टोपी बघून बायका घागरी खाली ठेवून भोवती जमत. "सायब, हिरीत औषिद टाका, लई जंतू झाल्यात." "सायब, कठडा पडलाय, पोरं आत पडतील की!" अण्णा कधीच म्हणाले नाहीत की मी साहेब नाही. खिशातून कागद काढून तिथेच अर्ज लिहीत, त्यावर अंगठे उमटवून घेत, आणि सोमवारी कचेरी भरायच्या आधी स्वतः नेऊन योग्य त्या खात्यात देत. वर आठवड्याला एक चक्कर मारून त्या खात्याचा जीव नकोसा करत. दोन गावांचे कठडे तरी माझ्या डोळ्यांदेखत बांधून झाले.

एकदा आमच्या कचेरीतल्या जोशांनी त्यांना हळूच टोकलं. गावातल्या विहिरीवरून अण्णा गावकुसाबाहेरच्या विहिरीवर निघाले होते, तोच तांब्या घेऊन. "अण्णा, ती तिकडच्या वस्तीची विहीर आहे."

"मग? तिचं पाणी प्यायल्याशिवाय गाव पुरं कसं होणार?" अण्णा म्हणाले आणि घटाघटा प्याले. जोशी पुढच्या रविवारपासून यायचे बंद झाले. अण्णांना त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही.

प्यायचे फक्त पाणी. कुणी चहाला, जेवायला बोलावलं की हात जोडून म्हणायचे, "आम्ही पाण्याचे पाहुणे."

अण्णांची निवृत्ती तीन महिन्यांवर आली आणि त्यांचे कागद माझ्या टेबलावर आले. सगळे रकाने मोत्यासारख्या अक्षरात भरलेले. एक 'मूळ गाव' तेवढा कोरा. मी विचारलं की अण्णांना काहीतरी काम आठवायचं. महिनाभर त्यांनी मला असं टोलवलं. कागद अडून राहिले. शेवटी मीच म्हणालो, "अण्णा, मी राशीन लिहून टाकतो. आडनावातच गाव आहे, विचारायचं काय!"

"नाही," ते एवढ्या जोरात म्हणाले की शिपाई आत डोकावला. "राशीन माझं नव्हे."

त्या रविवारी सहलीला मी एकटाच होतो. सुप्याला उतरून आम्ही बोरवाडीच्या वाटेला लागलो आणि अण्णा आपणहून बोलायला लागले. एकोणीसशे अठराच्या मानमोडीच्या तापाच्या साथीत कुणीतरी चार वर्षांच्या पोराला बैलगाडीतून नगरला आणून धर्मशाळेत सोडलं होतं. राशीनकर मास्तरांनी ते पोर घरी नेलं, शिकवलं, आडनाव दिलं. पोराला गाव सांगता येत नव्हतं, जात सांगता येत नव्हती. तिथल्या पाण्याची चव तेवढी तोंडात राहिली होती.

"लग्नाची बोलणी दोनदा झाली," अण्णा म्हणाले. "दोन्ही वेळा त्यांनी पहिलं विचारलं, मूळ गाव कोणतं? खोटं सांगवेना."

इतकी वर्षं आम्ही ह्या माणसाची चेष्टा करत होतो, आणि तो आपलं घर शोधत होता.

बोरवाडीच्या विहिरीवर एक म्हातारी हंडा घासत बसली होती. अण्णांनी पाणी शेंदलं, घोट घेतला, डोळे मिटले. मी आयुष्यात कशासाठी केला नसेल एवढा देवाचा धावा केला.

अण्णांनी डोळे उघडले. "नाही हो. हेही नव्हे."

"काय न्हाई?" म्हातारीनं विचारलं. अण्णा दोरी गुंडाळायला लागले. मला राहवलं नाही. मी तिला सगळं सांगून टाकलं.

म्हातारी हंडा सोडून उठली. अण्णांच्या पुढ्यात येऊन त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली.

"मानमोडीत मी नवी नवरी हुते," ती म्हणाली. "घरंच्या घरं बसली. कुनाची पोरं गेली, कुनाची कुनी नेली, मागं फिरून कोन बघतंय! इतकी गेली, त्यातलं एक आलं म्हनायचं. अन् पान्याचं काय घिऊन बसलास ल्येका? पन्नास वर्सांत पानी बदलत न्हाई व्हय? चल, भाकरी टाकते."

मी अण्णांकडे बघितलं. आता हात जोडणार, असं वाटलं. पण त्यांनी खाली वाकून तिचा हंडा उचलला आणि तिच्या मागोमाग चालायला लागले. त्या दिवशी अण्णा पिठलं-भाकरी जेवले, आणि म्हातारीनं वाढलेल्या तिसऱ्या भाकरीलासुद्धा नको म्हणाले नाहीत.

सोमवारी ते माझ्या टेबलाशी आले, कागद ओढून घेतला आणि तो रकाना स्वतःच्या हातानं भरला. मी कागद बांधून वर पाठवला. सरकारी कागदात मी जाणूनबुजून सोडलेली ती एकच चूक, आणि तिचा मला आजही अभिमान आहे.

दुपारी कचेरीत नवा शिपाई रुजू झाला, पाथर्डीकडचा. सगळ्यांना पाणी देत देत अण्णांपाशी आला आणि रीतीप्रमाणे त्यानं विचारलं, "सायब, तुमचं गाव कंचं?"

माझा हात लिहिता लिहिता थांबला.

"बोरवाडी," अण्णा म्हणाले. "सुप्याला उतरायचं, तिथून आत दोन कोस. आमची म्हातारी असते तिथं."