कच्ची टीप

"एक महिना! फार तर एक महिना! गाडीचा परवाना खिशात पडला नाही, तर याच कात्रीने माझ्या मिशा उतरवा!"

मास्तरांनी ही प्रतिज्ञा भर दुकानात केली. काज-बटणं करणाऱ्या मावशींनी मान वर केली, कात्रीकडे पाहिलं, मग मिशांकडे पाहिलं आणि पुन्हा मान खाली घातली. "कात्रीला धार लावून ठेवते," एवढंच त्या म्हणाल्या.

मास्तर म्हणजे शिंपी. चाळीस वर्षं पायमशीन चालवून त्यांनी गावातल्या निम्म्या लोकांना नीटनेटकं केलं होतं. त्यांनी आयुष्यात कोणाला काही शिकवलं नव्हतं, तरी जग त्यांना मास्तर म्हणे. शिकवायच्या त्यांच्या बायको. टेकडीवरच्या शाळेत गणित शिकवायच्या आणि त्यांना सगळे बाई म्हणत. शाळा अकरा किलोमीटरवर. तिथे जाणारी एकच बस होती आणि ती येत्या एक तारखेपासून बंद होणार, असा कागद थांब्यावर चिकटला होता. बाईंच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. शाळेत पोचता आलं नाही तर राजीनामा, दुसरा मार्ग नाही.

बाईंच्या भावाने नवी गाडी घेतली होती, म्हणून जुनी त्याने बहिणीच्या दारात आणून लावली. पण बाईंच्या एका डोळ्याने दोन वर्षांपूर्वीच संप पुकारलेला. म्हणजे आता जे काही करायचं ते मास्तरांनी!

"अहो, जमेल ना?" बाईंनी विचारलं.

"अगं, मशीन ते मशीन! इथे दोन पाय, दोन हात, तिथेही दोन पाय, दोन हात! उलट तिथे सुईत दोरा ओवायला लागत नाही!"

इथेच मास्तर चुकले.

गाडी शिकवायला एक काका यायचे. आयुष्यभर रुग्णवाहिका चालवून त्यांना घाई या गोष्टीचाच वीट आला होता. दर वाक्यात 'दमानं' म्हणत, म्हणून सगळे त्यांना दमानंकाका म्हणत. पहिल्या दिवशी त्यांनी मास्तरांना क्लच दाखवला, ब्रेक दाखवला आणि म्हणाले, "आता दमानं सोडा."

चाळीस वर्षांच्या पायांना 'सोडा' म्हणजे काय ते ठाऊकच नव्हतं! मास्तरांचे दोन्ही पाय आपोआप एका लयीत चालू लागले, टाच-चवडा, टाच-चवडा! गाडी माळावर सोडलेल्या करडासारखी टणाटण उड्या मारत निघाली. दोन कोंबड्या, एक सायकलवाला आणि दमानंकाकांची टोपी, सगळे वेगवेगळ्या दिशांना उडाले.

"मास्तर! पायडल नाही ते! शिवताय काय रस्ता?"

"पाय ऐकत नाहीत हो!"

"मग त्यांना सांगा, दमानं!"

तीन आठवडे गेले, पण पायांनी ऐकलं नाही. गाडीत बसलं की ते शिवायला लागायचे. दमानंकाका आता गाडीत बसण्याआधी टोपी काढून घरी ठेवून येऊ लागले.

शेवटी मास्तरांनी ठरवलं, की पायांना जिथे खोड लागली तिथेच मोडायची. दुकानात सराव सुरू झाला! हातात भरतकामाची गोल रिंग, तेच स्टिअरिंग. डाव्या हाताला दोऱ्यांच्या टोपलीत उभी खोचलेली मोजपट्टी, तो गिअर. पायाखाली मशीन. एक पाय दाबायचा, दुसरा उचलायचा, तोंडाने घुर्र करायचं!

"मास्तर, माप घेताय की घाट चढताय?" गिऱ्हाईक विचारी.

"थांबा, पुढे वळण आहे!"

परीक्षेच्या आदल्या दिवशी परवाना कचेरीतला शिपाई एक पँट घेऊन आला. राखाडी कापड, त्यात निळी रेघ. "साहेबांची आहे. कंबर दोन इंच वाढली. उद्या सकाळी हवी, संध्याकाळी घरी जाताना मीच नेईन."

मास्तरांनी मागची शिवण उसवली, कापड सोडलं आणि कच्ची टीप घातली. कच्ची टीप म्हणजे लांब लांब टाके, नुसती माप जुळवण्यापुरती. ओढली की सुटते. त्यावर मग पक्की टीप मारायची असते. मास्तर पक्की टीप मारायला बसलेही! पण पाय मशीनवर ठेवल्याबरोबर त्यांना आठवलं, की अचानक ब्रेकचा सराव राहिलाच आहे. त्यांनी पँट बाजूला ठेवली आणि अकरा वेळा ब्रेक दाबला. बाराव्या वेळी मशीनचा पट्टा तुटला. तो शोधायला ते टेबलाखाली शिरले, तेवढ्यात शिपाई आला, घडी केलेली पँट उचलली आणि गेला. मावशींना वाटलं, झाली असेल! आणि मास्तर पट्ट्यात असे गुंतले, की पँट त्यांना पुन्हा आठवलीच नाही.

दुसऱ्या दिवशी मैदानावर परीक्षा घेणारे साहेब गाडीत येऊन बसले. भरदार देह, मांडीवर कागद, चेहरा पुसलेल्या फळ्यासारखा. मास्तरांची नजर सहज खाली गेली.

राखाडी कापड, निळी रेघ!

साहेब बसले होते ते थेट कच्च्या टिपेवर!

"चला," साहेब म्हणाले.

आता एक गचका, आणि खेळ खलास! परवाना गेला, शाळा गेली, बाई घरी! मास्तरांनी श्वास रोखला. पायांचा त्यांना विसरच पडला. सगळं लक्ष एका शिवणीवर! गाडी अशी निघाली, की टपावर बसलेल्या माशीलाही कळलं नाही. वळण त्यांनी रेशमी कापड कातरावं तसं घेतलं. खड्डा दिसला की त्याला लांबून वळसा. ब्रेक म्हणजे झोपलेल्या तान्ह्याच्या अंगावर पांघरूण घालावं तसा!

"वा!" साहेबांच्या तोंडून निघालं. वीस वर्षांत हा शब्द त्यांनी गाडीत बसून कधी उच्चारला नव्हता. "कोणाकडे शिकलात?"

"अं... दमानं," मास्तर पुटपुटले.

साहेब खूश होऊन कागदावर खूण करायला गेले आणि त्यांचं पेन खाली पडलं.

"साहेब, वाकू नका!" मास्तर ओरडले.

पण साहेब वाकले होते.

चर्रर्रर्र!

काही आवाज असे असतात, की त्यांचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागत नाही. साहेब सावकाश सरळ झाले. समोर बघत, ओठ न हलवता म्हणाले, "गाडी थांबवू नका. बाहेर पन्नास लोक उभे आहेत."

"माझं दुकान तीन चौक पलीकडे आहे. मी शिंपी आहे."

"देवच भेटला!" साहेब म्हणाले.

मास्तर मैदानातून बाहेर पडले. पहिला चौक. बाजारातली गर्दी, समोरून ट्रक, मधे हातगाडी. सगळं अलगद पार! दुसऱ्या चौकात साहेब दात खात म्हणाले, "ज्या गाढवाने ही शिवली, तो भेटू दे एकदा!"

गप्प राहिलं असतं तर परवाना घरात होता. पण चाळीस वर्षांत त्यांनी आपली शिवण दुसऱ्याच्या नावावर कधी खपवली नव्हती.

"साहेब, तो गाढव मीच. पक्की टीप मारायची राहिली. ब्रेकचा सराव करत होतो."

साहेबांनी सावकाश मान वळवली. डावीकडून बस आली. मास्तरांनी तिला वाट दिली, गिअर बदलला आणि गाडी पुढे काढली.

"समोर बघा," साहेब म्हणाले. तिसरा चौक फारच मोठा वाटला.

दुकानात साहेब पडद्याआड गेले. पँट पडद्यावरून बाहेर आली. मशीनला नवा पट्टा चढवून मास्तरांनी दुहेरी पक्की टीप मारली, वर आणखी एक मारली. मावशी खिडकीकडे तोंड करून बटणं मोजत होत्या. तीच सात बटणं त्यांनी बारा वेळा मोजली.

शेवटी पडद्यातून एक हात आला. हातात सही केलेला कागद.

"चालवणं पास," पडद्याआडून आवाज आला. "शिवणं नापास!"

सोमवारी, एक तारखेला, बाई पुढच्या सीटवर ऐटीत बसल्या. पर्स मांडीवर, चांगला डोळा रस्त्यावर. अकरा किलोमीटर अलगद! टेकडीवरचा अरुंद रस्ता थेट शाळेच्या फाटकात संपत होता. बाई उतरल्या. घंटा व्हायला चक्क पाच मिनिटं होती!

"अहो, खरंच जमलं की तुम्हाला!" त्यांचा आवाज जरासा ओला झाला होता.

साडेचारला बाई बाहेर आल्या, तर गाडी सकाळी होती तिथेच. नाक भिंतीपासून एक वीत. मास्तर ओट्यावर बसून शाळेच्या पडद्यांच्या कडा दुमडत होते. दिवसभरात अकरा पडदे झाले होते.

"दुकानात गेला नाहीत?"

"म्हटलं, संध्याकाळी न्यायला यायचंच आहे, तर उगाच जाऊन काय करू!"

बाई गणिताच्या. त्यांनी भिंत पाहिली, रस्त्याची रुंदी पाहिली, नवऱ्याचा चेहरा पाहिला. "अहो, गाडी मागे घ्यायला येत नाही ना?"

"दमानंकाका ते शेवटी शिकवणार होते," मास्तर सुईकडे बघत म्हणाले. "आणि परीक्षेतही तेच शेवटी होतं. पण साहेबांना त्या दिवशी मागचा कुठलाच विषय नको होता."

बाईंनी पर्स ओट्यावर ठेवली आणि शिक्षकांच्या खोलीकडे वळून हाक दिली, "भूगोलाच्या बाई, मुख्याध्यापकांना पण घेऊन या! थोडं ढकलायचंय!"

मग नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही आत बसा. स्टिअरिंग धरता येतं ना?"

"ते फर्स्ट क्लास येतं!" मास्तर म्हणाले आणि आत जाऊन बसले.