वामनकाकांची उजवी दाढ

लग्नात हातावर अक्षता आल्या की माणसं त्या मुठीत धरून उभी राहतात. आमचे वामनकाका त्यातला एक दाणा दाढेखाली घालतात. गेल्या वर्षी गल्लीतल्या एका लग्नात भटजी "सावधान" म्हणत असताना काका शेजारून मला म्हणाले, "मागच्या सालचा तांदूळ आहे वं. पोत्यात पानी गेलं होतं." हळू बोलणं काकांना कधी जमलेलं नाही, त्यामुळे ते मुलीच्या मामांनाही ऐकू गेलं. तांदूळ मामांनीच आणला होता. पुढची दोन मंगलाष्टकं मामा नवरा-नवरी सोडून काकांकडेच पाहत होते.

काका नंदनवन भागात आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहतात. खाली माझा दातांचा दवाखाना आहे. वय सत्तरीच्या पुढे, अंगात पांढरा सदरा, खिशात कायम कुठल्यातरी धान्याचे चार दाणे. कळमन्याच्या धान्यबाजारात एका अडतीवर, म्हणजे दलालाच्या पेढीवर, माल पारखण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. गाडी आली की पोत्यातून मूठभर दाणे काढायचे, तळहातावर पसरायचे, त्यातला एक उजव्या बाजूच्या खालच्या दाढेखाली धरायचा, डोळे मिटायचे आणि फोडायचा. मग आकडा सांगायचा. "बारा" म्हणजे दाण्यात बारा टक्के ओल. वाळलेला दाणा कट्ट करून तुटतो, ओला दबतो, आणि या दोन टोकांच्या मधल्या साऱ्या पायऱ्या त्या एका दाढेला पाठ होत्या. आता अडतीवर ओल मोजायचं मशीन आलंय आणि काका निवृत्त झालेत. तरी ते रोज सकाळी ऑटोने बाजारात जातात. कोणी मशीनचं नाव काढलं की त्यांचं ठरलेलं उत्तर असतं, "मशीन बिघडते. दाना खोटं नाही बोलत."

ही दाढ घरीही स्वस्थ बसत नाही. प्रसादाचे फुटाणे दिले तर काका भट्टीतला दोष सांगतात. माझ्या नवऱ्याने एकदा त्यांना तापाची गोळी दिली, तीही त्यांनी आधी दाढेखाली धरून पाहिली.

मी दातांची डॉक्टर असल्यामुळे मला हे बघवत नसे. "काका, एक दिवस फुटेल," असं मी निदान शंभर वेळा सांगितलं असेल. मागच्या फेब्रुवारीत नवीन हरभरा बाजारात आला आणि फुटली. संध्याकाळी काका दवाखान्यात आले ते गाल धरून, एक शब्द न बोलता. काका गप्प आहेत हे पाहूनच मी त्यांना थेट खुर्चीत बसवलं.

दाढेला मधोमध चीर होती. आतपर्यंत गेलेली, पण मुळापर्यंत पोचलेली नाही. पोचली असती तर दाढ काढण्याशिवाय उपाय नव्हता. मी त्यांना आरसा देऊन समजावलं, की आधी रूट कॅनल करून आतली दुखरी नस काढायची, मग वरून दाढ सगळ्या बाजूंनी थोडी घासायची, माप घ्यायचं आणि पक्की कॅप बसवायची. कॅप दाढेला चोहोबाजूंनी धरून ठेवते. चावताना जोर आला तरी दोन तुकडे एकमेकांपासून सुटत नाहीत.

काकांनी विचार केला. "म्हनजे बैलबंडीच्या चाकाले लोखंडी धाव बसवतात, तसं."

"अगदी तसं." आमच्या कॉलेजातल्या सरांनासुद्धा हे इतकं चांगलं सांगता आलं नव्हतं.

"पन नस काढली म्हनजे दाढ मेली ना वं?"

"दाढेतली नस जाते, काका. पण दाढ हाडात बसलेली असते आणि त्या दोन्हींच्या मधे एक पातळ पडदा असतो. तुम्ही किती जोरात चावलं, दाणा कडक की नरम, हे तो पडदाच सांगतो. त्याला आपण हातही लावत नाही."

"म्हनजे मले दाना समजन?"

"समजेल."

"पह्यल्यासारखा?"

"पहिल्यासारखा. मी शब्द देते."

शब्द देताना माझा आवाज जरा चढलाच. मला वाटलं, म्हातारा आता हसेल. पण त्यांचा चेहरा आणखी उतरला. मी ते सुईच्या भीतीवर ढकललं आणि भूल द्यायला घेतली.

रूट कॅनल तीन बैठकांत झालं. पुढच्या बुधवारी माप द्यायला यायचं ठरलं. मी बजावून सांगितलं, की नस काढलेली आणि कॅप नसलेली दाढ फार नाजूक असते, उजवीकडून भातसुद्धा चावायचा नाही, एक दाणा चुकीचा पडला तर चीर मुळात जाईल आणि मग मला काहीच करता येणार नाही. काका "हाव, हाव" म्हणाले.

बुधवारी काका आले नाहीत. गुरुवारीही नाही. फोन लावला तर वाजून बंद व्हायचा. त्यांचा मुलगा आणि सून दोघेही हिंगण्याला कंपनीत, दोघांच्या शिफ्ट वेगळ्या. एकदा जिन्यात सून भेटली. "बाबा तर रोज कळमन्यालेच जाऊन राहिले, ताई," एवढं सांगून तीही कंपनीच्या बसकडे पळाली. मी हिशेब केला, रोज वीस-पंचवीस गाड्या आणि प्रत्येक गाडीचा एक दाणा. दुसऱ्याच्या दाढेसाठी माझी झोप उडण्याची ती पहिली वेळ. अकराव्या दिवशी मी सकाळचे दोन पेशंट पुढे ढकलले, स्कूटर काढली आणि कळमना गाठलं.

शेडमध्ये पोत्यांच्या थप्पीपाशी काका उभे होते. तळहातावर हरभरा पसरलेला. त्यांनी एक दाणा उचलला आणि तोंडाकडे नेला. मी लांबूनच ओरडले, "काका, खाली ठेवा तो." सगळा बाजार थांबला. हमालांनी पोती खांद्यावर तशीच धरली. काकांनी दाणा हळूच खिशात टाकला.

"काहून वं डॉक्टर बाई, एवढ्या दूर?"

"तुमच्यासाठी. चला, बसा मागे."

दवाखान्यात आल्या आल्या त्यांना तोंड उघडायला लावलं. चीर होती तिथेच होती. मी तिथल्या तिथे माप घेतलं, तात्पुरती कॅप लावली आणि कॅप तयार होऊन येईपर्यंत रोज संध्याकाळी वर जाऊन त्यांची दाढ बघितली. माझा नवरा म्हणाला, एवढी काळजी तू माझ्या पाठदुखीची कधी केली नाहीस. ते खरं होतं.

पक्की कॅप आली. बसवून, निळा कागद दातांमधे ठेवून मी "चावा" म्हटलं. कागदाचा डाग एका बाजूला जास्त पडला, तेवढं घासलं. परत चावायला लावलं. काकांनी जीभ फिरवून पाहिली आणि कबूल केलं, "माहीच वाटते." मग खुर्चीतून उतरता उतरता म्हणाले, "उद्या बाजारात याल? दाना फोडून पाहतो. तुमच्यासमोरच."

आता शब्द माझा होता, त्यामुळे मला जाणं भाग होतं.

गव्हाची गाडी लागली होती. अडतीचे मालक मनोहरभाऊ, ज्यांच्या वडिलांकडे काकांनी नोकरी केली, ते मशीन घेऊन बसले होते. चार हमाल, दोन व्यापारी, मी. काकांनी गव्हाचा दाणा उजव्या दाढेखाली ठेवला आणि डोळे मिटले. दहावीच्या निकालालाही मी इतकी घाबरले नव्हते. कट्ट आवाज मलाही ऐकू आला.

"नऊ," काका म्हणाले.

मनोहरभाऊंनी मशीनमध्ये गहू टाकला, आकडा पाहिला आणि चटकन त्यावर पंजा ठेवला. "नऊ, काका. एकदम बरोबर." व्यापारी हसले, एका हमालाने टाळी वाजवली. मी मनोहरभाऊंच्या बाजूला उभी होते. पंजा पडायच्या आधी मला आकडा दिसला होता. अकरा पॉइंट आठ.

परत येताना काका माझ्या मागे स्कूटरवर बसले होते. सिग्नलला थांबल्यावर त्यांनी विचारलं, "किती होतं वं खरं?"

मी पेशंटशी खोटं बोलत नाही. दात काढायचा असेल तर काढायचा आहे असंच सांगते, आणि यासाठी मी नंदनवनात जरा बदनामही आहे. मी म्हटलं, "नऊ."

"तुमी बी?" काका म्हणाले.

मी सिग्नलवरचे उलटे आकडे बघू लागले.

"मले समजते ना. दोन साल झाले, माहा आकडा चुकून राहिला. मनोहर हात ठेवते मशीनवर, मी दुसरीकडे पाहतो. दाढ तर आत्ता फुटली. फुटली त्या दिवशी मले बरं वाटलं."

"बरं वाटलं?"

"हाव. चुकलो तर सांगाले झालं, दाढ दुखून राहिली. आता ते बी तुमी दुरुस्त करून देलं."

सिग्नल हिरवा झाला. मागून हॉर्न वाजायला लागले. मला गाडी पुढे घेता येईना, कारण समोरचं काही धड दिसत नव्हतं. मी अकरा दिवस ज्याची काळजी केली ती चीर माझ्या कॅपखाली नीट बंद झाली होती, आणि मी मोठ्या तोऱ्यात या माणसाचं एकमेव निमित्त काढून घेतलं होतं.

"मग रोज कशाला जाता, काका?" गाडी कशीबशी कडेला घेऊन मी विचारलं.

"घरी सगळे चांगले आहेत वं. जेवन झाकून ठेवतात, औषध आनतात. पन मले कोनी काही विचारत नाही. तिथे रोज सकाळी कोनीतरी म्हनते, काका, हे कसं आहे?"

दवाखान्यापाशी ते उतरले, गालाला हात लावून "मस्त बसली" म्हणाले आणि जिना चढून गेले. त्यानंतर आठवडाभर ते बाजारात गेले नाहीत. वरून त्यांच्या खुर्चीचा आवाज यायचा, दिवसभर.

एप्रिलमध्ये आम्ही वर्षाचे गहू भरतो. दुकानदाराने नमुन्याची पुडी पाठवली होती. एरवी मी ती उघडतही नाही, भाव विचारते आणि हो म्हणते. त्या दिवशी पुडी घेऊन वर गेले. काका गॅलरीत बसले होते. मी गहू त्यांच्या तळहातावर ओतले आणि विचारलं, "काका, हे कसे आहेत?"

कॅप बसवलेल्या पेशंटला मी कडक दाणे फोडू नका म्हणून सांगते. काकांना सांगितलं नाही. त्यांनी गहू तळहातावर पसरले. मग एक दाणा निवडला, पुसला, उजवीकडे ठेवला आणि डोळे मिटले. इतका वेळ लागला की मला वाटलं त्यांना डुलकी लागली.

"हे नोका घेऊ," ते म्हणाले. "ओले आहेत. पावसाळ्यात कीड लागन."

माझ्याकडे मशीन नव्हतं. खाली येऊन मी दुकानदाराला फोन केला आणि गहू नको म्हणून सांगितलं. का, असं त्याने विचारलं. ओले आहेत, मी म्हटलं. कोणी सांगितलं, तो जरा चिडूनच म्हणाला, आणि मी त्याला वामनकाकांचं पूर्ण नाव सांगितलं.