उदी रंगाचं इंजिन

यंदा सासऱ्यांना सफारीचं कापड न्यायचं नाही, असं धम्मदीप सोनकांबळेनं एका दुपारी कचेरीत बसल्या बसल्या ठरवून टाकलं. गोष्ट एवढीशीच होती. (धम्मदीपच्या आयुष्यातल्या सगळ्या भानगडी आधी एवढ्याशाच असतात.) सासरे ग्यानोबा पंचाहत्तरीत पोचले होते, लातुरात घरच्या घरी जेवण ठरलं होतं. दरवेळी जावयानं कापड न्यायचं आणि सासूनं ते नीट घडी करून कपाटात ठेवायचं, हा रिवाज त्याच्या लग्नापासून चालू होता. त्या कपाटात आता अख्ख्या वरातीला पुरेल एवढं कापड साचलं होतं, आणि ग्यानोबा मात्र अजून जुन्याच सदऱ्यात फिरत होते.

ग्यानोबा म्हणजे रेल्वेचे ड्रायव्हर. मीटरगेज होती तोवर पूर्णेहून डिझेलचं इंजिन घेऊन निघायचे आणि त्याच इंजिनाच्या गोष्टी सांगत निवृत्त झाले. धम्मदीप म्हणजे नांदेडात एका सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळणारा क्लार्क. या दोघांचं कधी बोलणं म्हणून झालंच नाही, आणि त्याला कारण धम्मदीपच. लग्न ठरताना पहिल्याच भेटीत, काहीतरी विषय काढावा म्हणून त्यानं विचारलं होतं की मामा, वळणावर स्टेअरिंग फार फिरवावं लागत असेल ना? ग्यानोबांनी हातातला कप खाली ठेवला, आपल्या लेकीकडं एकदा कीव आल्यासारखं पाहिलं, आणि तेव्हापासून जावयासाठी त्यांच्याकडं फक्त ‘आलात’, ‘बसा’ आणि ‘निघालात’ एवढेच शब्द उरले.

धम्मदीपला हे फार लागलं होतं. त्याचे स्वतःचे वडील तो लहान असतानाच गेलेले. लातूरला गेलं की शेजारचे बसवंत, तेही रेल्वेतलेच, रिटायर्ड गार्ड, येऊन बसायचे आणि दोघं म्हातारे तासन् तास बोलायचे. ग्यानोबांचा हात हवेतल्या हवेत इंजिनाचा दांडा ओढायचा, डोळे लांब कुठंतरी सिग्नलवर लागलेले असायचे. धम्मदीप बाजूला चिवड्याची प्लेट धरून बसायचा आणि मनातून वाट बघायचा, की या सगळ्यातलं एखादं वाक्य आपल्याकडं बघून बोललं जावं. ते कधी बोललं गेलं नाही. चिवडा मात्र संपायचा.

म्हणून त्यानं कापडाच्या ऐवजी इंजिन मागवलं. पांढऱ्या प्लास्टिकचं, वीतभर लांबीचं, अगदी उघडंबोडकं डिझेल इंजिन. जाळ्या, कठडे, पायऱ्या, भोंगा हे सगळं आपलं आपण बसवायचं आणि रंगही आपणच द्यायचा. धम्मदीपनं त्याआधी आयुष्यात रंगवलेली एकमेव वस्तू म्हणजे घराचं फाटक, आणि ते अजून उघडताना हाताला लागतं.

पण यावेळी तो मनापासून लागला. पायऱ्या कशाच्या करायच्या, तर स्टेपलरच्या पिनांच्या. (सरकारी नोकरीचा एवढा तरी फायदा असावा.) कठडे तारेचे केले, भोंगा संपलेल्या रिफिलच्या टोकाचा, खिडकीच्या काचा फायलीच्या पारदर्शक कव्हरच्या. चिमट्यानं एकेक पिन धरून चिकटवायची म्हणजे श्वास रोखून धरावा लागे. एक पायरी बसली की तो श्वास सोडी आणि त्या वाऱ्यानं दुसरी पडे. झट चिकटणाऱ्या डिंकानं त्याची दोन बोटं अशी काही जुळली, की एक अख्खा दिवस तो कचेरीत आल्यागेल्याला आशीर्वाद देत असल्यासारखा दिसत होता. तरी पायऱ्या झाल्या, आणि चांगल्या झाल्या.

राहता राहिला रंग. ग्यानोबांच्या इंजिनाचा घरात एकच फोटो होता आणि तो काळा-पांढरा. त्यांनाच विचारावं तर सगळी गंमत जाणार. शेवटी बायकोनं, लुंबिनीनं, आईला फोन लावला आणि लसणाच्या चटणीबद्दल बोलता बोलता मध्येच विचारलं, की दादांचं इंजिन कसल्या रंगाचं होतं गं? सरजाबाई म्हणाल्या, उदी होतं की, आणि पुन्हा लसणाकडं वळल्या.

उदी म्हणजे नेमका कोणता, हे धम्मदीपला ठाऊक नव्हतं. त्याच्या हिशेबी जगात लाल, हिरवा, निळा, पिवळा आणि ‘बायकांचे’ असे पाचच रंग होते. लुंबिनीलाही खात्री नव्हती. आजीच्या तोंडी तो शब्द असायचा एवढंच तिला आठवत होतं. मग धम्मदीप जीप-टेम्पोंना रंग देणाऱ्या नजीरभाईंकडं गेला. एवढ्याशा इंजिनाला स्प्रे मारणं म्हणजे उंदराला इस्त्री करणं, असं म्हणून नजीरभाई आधी पोटभर हसले. मग धम्मदीपनं सांगितलं, उदी रंग पाहिजे.

“उदी नै बोलते सर, ऊदा बोलते,” नजीरभाईंनी सुधारणा केली. “जामूनका कलर.”

खात्रीसाठी त्यांनी आतून बायकोला, हुसेनबींना, हाक मारली. हुसेनबी दारात आल्या, त्यांनी आपल्या ओढणीचं टोक पुढं केलं आणि म्हणाल्या, ऊदा बोले तो ये. ओढणी पिकल्या जांभळाच्या रंगाची होती. नवराबायकोचं एवढं एकमत धम्मदीपनं आपल्या घरात कधी पाहिलं नव्हतं, त्यामुळं शंकेला जागाच उरली नाही. बाटलीत रंग घेऊन तो घरी आला.

लुंबिनीनं रंगाचा पहिला हात बघितला आणि म्हणाली, “अहो, हे उदी हाय? आईला परत विचारू का?”

“काही नको,” धम्मदीप म्हणाला. “दोनदा विचारलं की मामांना वास लागेल. आणि नजीरभाईंचा धंदाच रंगाचा आहे.”

लुंबिनी गप्प बसली. (ती गप्प बसली की ते लिहून ठेवावं, पुढं उपयोगी पडतं. धम्मदीप कधीच लिहून ठेवत नाही.)

रविवारी दुपारी गच्चीवर इंजिन वाळत घालून तो शेजारी सतरंजीवर आडवा पडला. वाऱ्याला रंगाचा वास होता. मोबाईलवर कोणी गोरा माणूस सांगत होता, की चकचकीत इंजिन हे खोटं इंजिन असतं. खऱ्या इंजिनावर काजळी असते, गंज असतो, वाटेवरची धूळ असते, आणि ती ज्याला देता आली तोच खरा कारागीर. हे धम्मदीपला इतकं पटलं, की त्याचे डोळे मिटले.

डोळे मिटले तसं ते वीतभर इंजिन हळूहळू मोठं झालं आणि तो त्याच्या आत बसलेला होता. दोन्ही बाजूंनी करडईची पिवळी शेतं मागं जात होती. खाली इंजिनाची घरघर अंगात भरत होती, आणि ती आवडत होती. एका लहानशा स्टेशनावर कोणी हिरवा बावटा धरून उभं होतं, पण गाडीला थांबायचं नव्हतं. आणि शेजारी ग्यानोबा बसले होते, बोलत होते. कुठं चढ लागतो, कुठं आधीच वेग सोडायचा, कोणत्या फाटकाशी म्हशी हमखास आडव्या येतात, कोणत्या गावच्या विहिरीचं पाणी गोड. सगळं त्याच्याकडं बघून बोलत होते. धम्मदीप नुसता हं हं करत होता. नदी आली, पूल आला, पाणी खाली मंदपणे चमकलं, तरी त्यांचं बोलणं संपलं नव्हतं.

जाग आली तेव्हा ऊन उतरलं होतं. ग्यानोबा स्वप्नात काय काय बोलले, त्यातला एक शब्दही त्याला आठवेना, पण छाती भरून आल्यासारखी झाली होती. व्हिडिओ मात्र केव्हाच संपला होता. त्याच्या शेवटी तो गोरा माणूस सांगत होता, की धूळ-काजळी लावून झाली की वरून बिनरंगी व्हार्निशचा हात द्यायचा, म्हणजे ती पक्की बसते. ते ऐकायला धम्मदीप त्या वेळी जागेवर नव्हता. तो पुलावर होता.

त्यानं मेणबत्तीवर वाटी धरून काजळी पाडली. कुंडीतली काळी माती वाळवून चहाच्या गाळणीनं चाळली. गंजासाठी गेरू घेतला. ब्रशनं हलक्या हातानं हे सगळं तो इंजिनाला लावत गेला आणि काय चमत्कार, तो भडक जांभळा रंग बसत बसत काळपट, तांबूस, अगदी जुना होऊन गेला. लुंबिनी चहा घेऊन आली, बघत उभी राहिली आणि हळूच म्हणाली, “खरं इंजिन दिसायलंय हो.” धम्मदीपला वाटलं, आता मरण आलं तरी चालेल, फक्त लातूरला जाऊन आल्यावर यावं.

नांदेड-लातूर बसमध्ये लोह्यापासून चाकूरपर्यंत खोका त्याच्या मांडीवर होता. प्रत्येक खड्ड्याला तो स्वतः सीटवरून वर उचलला जाई, पण खोका हातावर तोलून धरी. शेजारच्या माणसानं शेवटी विचारलं, की आत अंडी हायेत का.

लातुरात जेवणाआधी ओसरीवर सगळे बसले. बसवंतही होते. “आलात,” ग्यानोबा म्हणाले. “बसा.” धम्मदीपनं खोका उघडला आणि इंजिन त्यांच्यापुढं ठेवलं. ग्यानोबांनी चष्मा लावला. इंजिन दोन्ही हातांनी उचलून, तान्हं लेकरू धरावं तसं डोळ्यांजवळ नेलं. कठड्यावरून बोट फिरवलं. भोंग्याशी थांबले. मग पायऱ्यांशी थांबले, आणि बराच वेळ थांबले.

“पायऱ्या बराबर बसल्यात,” ते म्हणाले.

धम्मदीपच्या कानात घंटा वाजल्यासारखं झालं. ते त्याच्याशी बोलले होते. आणखी काहीतरी ओठांवर आलं होतं, हेही दिसत होतं. त्यांचा हात नकळत हवेत दांड्याच्या जागी गेला होता. धम्मदीप पुढं सरकला.

तेवढ्यात सरजाबाई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या. त्यांनी इंजिनाकडं एक नजर टाकली, त्यांचा चेहरा पडला, आणि वाढदिवसाला आणलेल्या वस्तूची ही दशा बघवेना म्हणून त्या म्हणाल्या, “यष्टीतनं आणलं ना, लई धूळ बसलीय बगा.” पदराचं टोक तांब्यात बुडवलं आणि कोणी काही म्हणायच्या आत इंजिन पुढून मागपर्यंत पुसून काढलं. दोन्ही बाजूंनी. वरूनसुद्धा.

काजळी गेली, माती गेली, गंज गेला. ओसरीवरच्या उन्हात इंजिन जांभळंगर्द झळकू लागलं.

“वांगं,” बसवंत म्हणाले.

सरजाबाई पदर झटकत लेकीकडं वळल्या. उदी सांगितला होता मी, उदी. काळपट तांबडा, पानातल्या कातासारखा. हा कुणी सांगितला? लुंबिनीनं नवऱ्याकडं पाहिलं. नवऱ्यानं छताकडं पाहिलं. त्याला वाटलं, संपलं. आता ‘निघालात’ तेवढं उरलं.

ग्यानोबा मात्र इंजिन बाजूला ठेवून उठले आणि म्हणाले, “पाव्हणं, भायेर या.” त्यांनी त्याला अंगणात उजेडात उभं केलं.

“ती बादली कोणती?”

“लाल.”

“नारंगी. बसवंताचा सदरा?”

“हिरवा.”

“मोरपंखी. लुंबिनीची साडी?”

इथं धम्मदीपनं फार विचार केला, कारण साडी त्यानंच आणलेली होती. “गुलाबी,” तो म्हणाला.

“डाळिंबी,” लुंबिनी दारातून म्हणाली.

ग्यानोबांनी मान हलवली. रागावलेले दिसत नव्हते. उलट जावयाच्या खांद्यावर त्यांनी हात ठेवला, त्याला ओट्यावर बसवलं आणि स्वतः त्याच्या शेजारी बसले. लांब कुठंतरी बघत सांगू लागले. “आमच्यात डोळं तपासायचे ठरल्या टायमाला. रंग दाखवायचे, सांगा म्हणायचे. मोठमोठे ड्रायव्हर, पर त्या दिवशी चहासुदिक घ्यायचे न्हाईत. रंग चुकला की संपलं. मग कितीबी हुशार असू द्या, इंजिनावरनं उतरवायचे अन् हापिसात क्लार्क करून बसवायचे.”

धम्मदीपचे डोळे भरून आले. ते बोलत होते, त्याच्याशी बोलत होते, रेल्वेचं बोलत होते, आणि अजून हात खांद्यावर होता. त्यानं विचारलं, “मग हो मामा?”

“मग काय,” ग्यानोबा त्याच्या पाठीवर थोपटत म्हणाले, “तुमचं बरं हाय. तुम्ही आधीच क्लार्क. आणखी उतरवायचं म्हणलं तर खाली जागाच न्हाई.”