नाना आणि तेलाच्या डब्यातला मोगरा

नाना कुणाच्याही घरी आले की आधी माणसांकडे बघत नसत. आपण "या नाना, बसा" म्हणेपर्यंत त्यांनी व्हरांड्यातली कुंडी दोन्ही हातांनी उचललेली असे आणि मान वाकडी करून ते तिचं बूड तपासत असत. भोकातून पांढरं मूळ डोकावताना दिसलं की डॉक्टर मोठं दुखणं सांगतात तशा आवाजात म्हणत, "पाय भायेर आले, भाऊ." मग कुंडी खाली ठेवत, हात धोतराला पुसत आणि विचारत, "बाकी बठ्ठं बरं हाये ना?"

बाकी काय बरं असणार? दिवसभर फायलींशी झटून, स्कूटरला वाटेत तीनदा किक मारून मी घरी आलेलो असे. मला चहा हवा असे, खुर्ची हवी असे, कुणी काही बोलू नये असं वाटत असे. आणि हे गृहस्थ माझ्या जास्वंदीचे पाय बघत उभे.

नाना मूळचे रावेरकडचे. सगळं आयुष्य केळीच्या बागेत गेलेलं. अक्कांना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा डॉक्टर जवळ हवा म्हणून बाग पुतण्यांवर सोपवली आणि दोघं जळगावात, पिंप्राळ्याच्या आमच्या कॉलनीत, मागच्या गल्लीत भाड्याने राहायला आली. अख्खी बाग उभी करणाऱ्या माणसाच्या वाट्याला आता कॉलनीतल्या दोन-तीन डझन कुंड्या आल्या होत्या. त्यांनी त्या बागेसारख्याच सांभाळायला घेतल्या आणि आमचा जीव नकोसा करून सोडला.

कुंडी बदलण्याचे त्यांचे नियम ठरलेले होते. थंडी ओसरू लागली की, पौष-माघात, कळ्या धरायच्या आधी बदलायची. उन्हाळ्यात हात लावायचा नाही. शेजारच्या देशमुख सरांनी हौसेने भर मे महिन्यात शेवंती मोठ्या कुंडीत हलवली आणि ती चार दिवसांत माना टाकून मेली. नाना त्यांच्या ओट्यावर डोक्याची टोपी काढून अर्धा तास बसून राहिले. सरांच्या बायकोला वाटलं, खरंच कुणीतरी गेलं. तिने घाबरून आत विचारलंसुद्धा.

मी एकदा सासऱ्यांच्या शेतातली काळीभोर माती पोतंभर आणली. केवढ्या अभिमानाने आणली होती! नानांनी ती चिमटीत धरली, हुंगली आणि माझ्याकडे कीव येऊन बघितलं. "ही कपाशीले द्या. कुंडीत हिचा दगड होईन." मी ऐकलं नाही. महिन्याभरात कुंडीतल्या मातीला बोट जाईल एवढी भेग पडली आणि नाना आल्या-गेल्याला त्या भेगेत बोट घालून दाखवू लागले. शेवटी एका रविवारी, जो माझा झोपायचा दिवस, मला मेहरूण तलावाच्या काठचा गाळ स्कूटरवरून आणावा लागला. त्यात वाळू, त्यात जुनं शेणखत. भोकावर फुटक्या माठाची खापरी. दोन दिवस पाणी तोडायचं, मग कुंडी आडवी धरून बुडावर थापा मारायच्या आणि मातीचा गड्डा तळहातावर अलगद झेलायचा. गोल फिरलेल्या मुळ्या कात्रीने थोड्या छाटायच्या. नवी कुंडी जुनीपेक्षा दोन बोटं मोठी, त्याहून जास्त नाही. "मोठं घर दिलं की झाड मुळ्याच वाढवत बसते, भाऊ. फूल कशाले देईन?" नंतर आठ दिवस सावलीत. कूलरच्या वाऱ्यापुढे तर मुळीच नाही.

आमच्या व्हरांड्यातला मोगरा त्यांनीच दिलेला, त्यांच्या स्वतःच्या झाडाची फांदी लावून. पण त्यांचं स्वतःचं झाड? ते मात्र तेलाच्या गंजक्या डब्यात. गावाहून आलं तसंच. डब्याचं बूड फोडून मुळ्या फरशीच्या सांध्यात शिरल्या होत्या, पानं पिवळी पडत चालली होती, फुलं दर वर्षी कमी. मी एकदा वैतागून म्हणालो, "नाना, गावाचे पाय तपासता, आणि हे?"

ते खाली बघत म्हणाले, "कुंडी बदलली तर झाड एक साल रुसते. अक्काले सांजचा वासच काय तो सुखाचा. एक साल बिनफुलाचं कसं काढीन ती?"

उन्हाळ्यात रोज संध्याकाळी ते ओंजळभर फुलं अक्कांच्या उशाशी ठेवत, हे कॉलनीला माहीत होतं.

त्या पौषात बायकोने वांग्याचं भरीत केलं आणि अक्कांसाठी डबा माझ्या हातात दिला. नाना औषधं आणायला गेले होते. मी अक्कांना उशीला टेकवून बसवलं, डबा उघडला आणि काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "बघा अक्का, वासानेच भूक लागेल."

त्यांनी मान हलवली. झटक्यानंतर त्यांचं बोलणं थोडं जड झालं होतं. "मले वास येत नाही, भाऊ. आजारी पडली तवापासून. कशाचाच नाही."

"मोगऱ्याचा?"

"त्याचाबी नाही."

"मग नानांना सांगितलं का नाही?"

"सांगितलं, तर सांजचे ते काय आणतीन?" त्या म्हणाल्या. मग चांगल्या हाताने माझं मनगट धरलं. "पन झाड मरू राह्यलं. त्याच्यासंग हे माणूस खचीन. तुम्ही त्यायले कुंडी बदलायले लावा. मी सांगितलं म्हणून सांगू नका."

मी थकलेला माणूस. दुसऱ्याच्या भानगडीत पडायला माझ्यात त्राण नसतं. पण त्या आठवड्यात मी नानांच्या दारात गेलो, गंजका डबा जमेल तेवढा कलता केला आणि त्यांच्याच आवाजात म्हणालो, "पाय भायेर आले, नाना." वर हेही म्हणालो, की या वर्षी फुलं आमच्या झाडाची न्या, फांदी तुमच्याच झाडाची आहे, अक्कांना काय कळणार?

नाना आत जाऊन पत्रा कापायची कात्री घेऊन आले.

डबा मीच कापला. त्यांनी कात्री माझ्याच हातात दिली. आत माती जवळजवळ उरलीच नव्हती, डब्याच्या आकाराचा मुळ्यांचा ठोकळा झाला होता. कॉलनीभर मुळ्या छाटत फिरलेला हा माणूस तोंड दुसरीकडे करून उभा राहिला आणि म्हणाला, "तुम्हीच छाटा. थोड्याच छाटा." पुढचे आठ दिवस ते सावली सरकेल तशी कुंडी सरकवत होते.

झाड जगलं. उन्हाळ्यात त्याला नुसती हिरवीगार पानं आली, कळी एकही नाही. मग नाना रोज संध्याकाळी आमच्याकडे येऊन कळ्या खुडत आणि ओल्या रुमालात लपवून नेत. मला दर वेळी बजावत, "अक्काले कळू देऊ नका. तिले वाटते आपलाच हाये."

एकदा मीही त्यांच्याबरोबर गेलो. नानांनी उशाशी फुलं ठेवली. अक्कांनी डोळे मिटून लांब श्वास घेतला आणि म्हणाल्या, "आपलाच हाये. मी लगेच वळखला."

नानांनी वळून, फत्ते झाल्यासारखा, मला डोळा मारला. त्यांच्या पाठीमागून अक्कांनीही माझ्याकडे बघितलं आणि एका डोळ्याने तेच केलं. पाणी प्यायच्या निमित्ताने मी स्वयंपाकघरात गेलो.

दुसऱ्या दिवशी नानांना ताप होता. मी ऑफिसातून आलो तो नेहमीसारखाच शिणलेला. बायको चहा घे म्हणाली. मी बूटही न काढता व्हरांड्यात जाऊन आधी कळ्या खुडायला लागलो.