शनिवारी सबनीस बोलत नाहीत

शनिवारी दुपारी चारनंतर सबनीसांशी बोलायचं नसतं. क्वीन्सटाउनच्या आमच्या ब्लॉकमध्ये हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. लिफ्टसमोर ते ओठ घट्ट मिटून उभे असतात, मान तेवढी डोलत असते. कुणी ‘काय काका’ म्हणालंच तर तळहात पुढे करतात. तोंडात गाणं असतं. जपानी.

एरवी हाच माणूस जुरोंग आयलंडच्या कंपनीच्या बसमध्ये शेजारच्याला डुलकी घेऊ देत नाही.

त्यांना ही वाट मी दाखवली, असं मी चारचौघांत मिरवतो. मी इथल्या विद्यापीठात पोस्टडॉक. आमच्या ग्रंथालयातल्या एका कॉम्प्युटरवर जपानमधल्या फार जुन्या बालगीतांच्या तबकड्या ऐकता येतात, पण तिथेच बसून. उतरवून घ्यायची सोय नाही.

“मग डोक्यात भरून नेतो,” सबनीस म्हणाले. जपानी त्यांना ओ की ठो कळत नाही. हीच बालगीतं यूट्यूबवर ढिगानं असतात, असं मी सुचवून पाहिलं. “त्यात ढोल बडवतात रे. ही बाई एकेक शब्द हातावर ठेवते.”

पहिल्या खेपेला मी सोबत गेलो. हेडफोनची पिन मीच खोचली, म्हणजे अर्धवट खोचली. त्यांना काही ऐकू येईना म्हणून आवाज वाढवत गेलो, आणि त्या बाईनं अख्ख्या वाचनकक्षाला अंगाई ऐकवली. परतताना मेट्रोत मी माफी मागायला तोंड उघडलं.

“सांडलं,” सबनीस म्हणाले, आणि पुढच्या स्टेशनला उतरून गाणं पुन्हा भरून आणायला गेले.

घाई असते ती संध्याकाळच्या व्हिडिओ कॉलची. मुलगा नागोयाला, सून जपानी, नात मियू पाच वर्षांची. तिला मराठी येत नाही. ही गाणी मात्र तिच्या बालवाडीत शिकवतात.

गेल्या शनिवारी त्यांनी मला कॉलच्या वेळी घरी बोलावलं. आधी मला गाऊन दाखवलं, अगदी बिनचूक. कॉलवर मात्र तिसऱ्या ओळीत घसरले. मियूनं कपाळाला हात लावला, बोट नाचवत ओळ म्हणवून घेतली. हे पुन्हा तिथेच घसरले. पुन्हा बोट.

फोन ठेवल्यावर मी त्यांची समजूत काढू लागलो. “काका, मी समोर बसलो म्हणून बिघडलं असेल.”

ते हसले. “अगदी पहिल्या कॉलला बरोबर म्हटलं होतं. तिनं टाळ्या वाजवल्या आणि खेळायला पळाली. चुकलो की बसते.”

“मग इतकं जपून आणता कशाला?”

“सगळंच चुकलं तर पोरगी कंटाळेल. चूक एकच हवी, तिला सुधारता येईल अशी.” मग चष्मा पुसत म्हणाले, “शिकवते मात्र झकास. कशी रागावली, बघितलंस ना?”

आता शनिवारी चारच्या सुमारास मी खाली लिफ्टपाशी उभा असतो. सबनीस येताना दिसले आणि कुणी ‘काय काका’ म्हणायला लागलं, की तळहात मी पुढे करतो.