सावेसाहेब आणि सायकलचा रॅक

एके सकाळी माझ्या स्कूटरच्या मडगार्डवर पांढऱ्या खडूने 'सिक' असं लिहिलेलं आढळलं. खाली तारीख, वळणदार सही आणि कारण : 'मागचा ब्रेक झिजला.' मला पोस्टात वेळेवर पोचायचं होतं. मी रुमालाने ते पुसलं आणि रागारागाने निघालो. स्टेशनच्या उतारावर ब्रेक खरोखरच लागला नाही, त्यामुळे माझा राग दुप्पट झाला.

आमच्या डहाणूच्या कॉलनीत असले उद्योग करणारा माणूस एकच. दिगंबर सावे, रेल्वेतून निवृत्त. छत्तीस वर्षं त्यांनी मालगाड्यांचे डबे तपासले. उभ्या गाडीच्या कडेने चालायचं, लांब दांड्याच्या हातोड्याने चाकांवर, बोल्टांवर ठोका मारायचा, आवाज ऐकायचा, आणि डबा नादुरुस्त वाटला की त्यावर खडूने 'सिक' लिहून तो गाडीतून काढायला लावायचा. सोळा साली ते निवृत्त झाले तेव्हा हातोडा जमा करावा लागला. दुसऱ्या दिवशी त्यांनी बाजारातून नवा आणला. खडूंना तोटा नव्हता, कारण सौ. सावे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या.

तेव्हापासून कॉलनीत एकही वस्तू धडधाकट राहिली नाही. फाटक सिक, टाकीची शिडी सिक, आमची गॅसची शेगडी सिक. सोसायटीच्या सेक्रेटरींना त्यांनी तोंडावर सिक म्हटलं, खडू तेवढा वापरला नाही. बोलताना हा माणूस सदैव संतापलेला. जगात कुणीच नट शेवटपर्यंत पिळत नाही, ही त्यांची मुख्य तक्रार. "पागधरे, हे लोक नट लावतात आणि हात पुसतात. पिळणार कोण, त्यांचा बाप?" हे मी निदान हजार वेळा ऐकलं आहे.

सावेबाई अगदी उलट. शांत, सडपातळ, बाजारात अजून आपल्या जुन्या काळ्या लेडीज सायकलवर जाणाऱ्या. तलासरीच्या आतल्या अंगाला वडपाडा म्हणून वस्ती आहे, तिथल्या शाळेत त्यांनी अठरा वर्षं काढली. डहाणूहून एस्टीने तलासरीच्या पुढच्या फाट्यापर्यंत, आणि तिथे एका दुकानामागे ठेवलेल्या या सायकलवर पुढे पाड्यापर्यंत. निवृत्त झाल्यावर सायकल त्यांनी घरी आणली. बदलीची संधी आली तरी त्यांनी अर्ज केला नाही. सावेसाहेब यावर चहाच्या वेळी हमखास एक टोमणा मारायचे : आम्ही यार्डात उन्हापावसात मेलो, हिची मात्र अकरा ते पाच, पंख्याखालची नोकरी. बाई हसून कप उचलून आत जायच्या. सावेसाहेबांनी ती शाळा कधी पाहिली नव्हती. ड्युटी असायची.

अठरा सालच्या दिवाळीत वडपाड्याहून रमेशचा फोन आला. हा बाईंचा पहिल्या वर्षाचा विद्यार्थी, आता त्याचीच मुलं त्या शाळेत आहेत. शाळेला नवी खोली झाली होती, सव्वीस जानेवारीचं झेंडावंदन बाईंच्या हातून व्हावं असं सगळ्यांचं ठरलं होतं. त्याने एकच गोष्ट मागितली. "बाई, सायकलवरच या. आमच्या पोरांना सांगतो ना, बाई फाट्यावरून सायकल मारीत यायच्या, तर खरंच मानत नाहीत."

बाईंना किती आनंद झाला ते मी पाहिलं आहे. त्या दिवसभर गुणगुणत होत्या. प्रश्न फक्त सायकल फाट्यापर्यंत न्यायचा होता. साठीला टेकलेल्या बाईने हायवेच्या ट्रकांमधून डहाणूहून सायकल मारीत जावं, हे शक्य नव्हतं. सावेसाहेबांकडे नवी गाडी होती, ती जीपसारखी उंच पण आखूड, हल्ली सगळे घेतात तसली. मी म्हटलं, पुढचं चाक काढा, मागची सीट पाडा, सायकल आत बसेल. ते माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मीच सिक आहे. तपासून पास केलेलं चाक ते काढणार नव्हते. मग मी चिकू नेणारा टेम्पो सुचवला. टेम्पोवाले सायकल आडवी टाकतात, ती काय केळ्यांचा घड आहे का, असं मला ऐकवण्यात आलं. बाई म्हणाल्या, मी एस्टीने जाते, तिथे कुणाची तरी सायकल घेते. यावर ते भडकलेच. "त्या पोरांना बाईंची सायकल बघायची आहे. दुसऱ्याची दाखवलीस तर ती फसवणूक झाली."

म्हणजे गाडीला रॅक बसवायचा. इथून माझे रविवार नासले.

गाडीच्या टपावर दोन्ही बाजूंना चंदेरी दांड्या होत्या. त्यांना आडवे बार लावून वर सायकल उभी करू, असं ठरवून आम्ही शोरूमला गेलो. तिथल्या टायवाल्या मुलीने अदबीने सांगितलं की या दांड्या वजनासाठी नाहीत, शोभेसाठी आहेत. सावेसाहेबांनी गाडीतून हातोडा काढला आणि दांडीवर ठोका मारला. आवाज प्लास्टिकचा आला. मग एवढ्या लोकांसमोर त्यांनी जे भाषण केलं, त्यात शोभेचा नट, शोभेचा ब्रेक आणि शोभेचा ड्रायव्हर हे सगळं आलं. शेवटी खडू काढून त्यांनी स्वतःच्याच नव्या गाडीवर 'सिक' लिहिलं. परतताना डहाणूपर्यंत लोक आमच्याकडे बघत होते आणि मी खिडकीची काच वर करून मान खाली घालून बसलो होतो.

नंतर ऑनलाइन एक रॅक मागवला. हा मागच्या दाराला पट्ट्यांनी बांधायचा. पुस्तिकेत सोळा चित्रं, आणि शेवटच्या चित्रात एक गोरा माणूस सायकलशेजारी हसतोय. पट्टीचं टोक लोंबतं ठेवून हा हसतो कशाला, यावर अर्धा तास गेला. मग कळलं की दाराच्या वर प्लास्टिकची झालर असेल तर हा रॅक लावू नये, आणि आमच्या दाराला ती होतीच. शिवाय लेडीज सायकलला मधली आडवी दांडी नसते, ती अडकवली की एका अंगाला तोंड करून लोंबते. रॅक परत गेला. सोबत चार पानी तक्रार रजिस्टर्ड पोस्टाने गेली, आणि पोस्टात माझ्याच खिडकीशी उभं राहून त्यांनी ती मला मोठ्याने वाचून दाखवली. मागे पेन्शनवाल्यांची रांग होती.

तिसरा मार्ग अच्छाडचा. नाक्याजवळ ट्रकच्या बॉडीचं काम करणारे जयंतीभाई आहेत. त्यांनी गाडीखाली वाकून बघितलं आणि म्हणाले, "साहेब, आपण दहा टनाचा माल बांधतो, ही तर सायकल छे." चौकोनी पाइप घेऊन त्यांनी सांगाडा केला, गाडीच्या चासीला बोल्टने जोडला, सायकल ठेवायला खाली पन्हाळ आणि धरायला वर दोन मजबूत क्लॅम्प. सावेसाहेबांनी प्रत्येक वेल्डिंगवर ठोका मारला. सात सांधे त्यांनी पुन्हा करायला लावले. सांगाडा झाला तेव्हा त्याला उचलायला चार माणसं लागली आणि तो लावल्यावर गाडीचा मागचा भाग खाली बसला. जयंतीभाईंनी हात जोडून आम्हाला निरोप दिला. पुन्हा येऊ नका असं ते म्हणाले नाहीत, पण चेहऱ्यावर ते स्पष्ट दिसत होतं.

पुढे चाचणी. नरपडच्या किनाऱ्याच्या रस्त्याने सावेसाहेब बैलगाडीच्या वेगाने गाडी चालवणार आणि मी मागून स्कूटरवर, सायकल हलते का ते बघत. हलली तर लाल फडकं, नाही तर हिरवं. एका हाताने स्कूटर चालवून दुसऱ्या हाताने हिरवं फडकं दाखवणारा पोस्टातला माणूस नरपडच्या लोकांनी आधी पाहिला नव्हता. मासळीच्या पाट्या घेऊन निघालेल्या एका बाईने मला थांबवून विचारलं की हा कुठला पक्ष, आणि सभा कधी आहे. असे चार रविवार. सायकल एकदाही हलली नाही आणि ते तरीही समाधानी नव्हते.

सायकलमुळे नंबरप्लेट झाकली जाते म्हणून त्यांनी सायकलच्या कॅरियरला दुसरी प्लेट टांगली. तिच्या खाली लाल दिवा, आणि त्याखाली पिवळ्या पाटीवर 'LV'. रेल्वेत गाडीच्या शेवटच्या डब्याला ही पाटी असते. ती दिसली की गाडी अखंड आली, मागे काही सुटलं नाही, असं समजायचं. सव्वीस जानेवारीला पहाटे निघालो तेव्हा हायवेवर एका हवालदाराने गाडी थांबवून त्या पाटीचा अर्थ विचारला. तो बिचारा पाच मिनिटांत स्वतःच आम्हाला जायची विनंती करू लागला.

सात वाजता फाट्यावर पोचलो. झेंडावंदन आठला होतं. बाई पांढऱ्या, निळ्या काठाच्या साडीत उतरल्या, पदर खोचला आणि सायकलची वाट बघत मोरीच्या कठड्यावर बसल्या. सावेसाहेबांनी पाना लावला. नट फिरेना. मी लावला. फिरेना. तेव्हा त्यांचा चेहरा उतरला, आणि मला आठवलं. आदल्या संध्याकाळी ते अंगणात क्लॅम्पच्या बोल्टांची टोकं हातोड्याने ठोकून पसरवत होते. वॅगनला हीच पद्धत, म्हणजे नट कंप पावून निसटत नाही. निसटत नाही, तसाच निघतही नाही. वॅगनचा बोल्ट वाटेत काढायचा नसतो. सायकल उतरवायची असते, एवढं एक या शहाण्याच्या डोक्यात आलं नव्हतं.

माझा तोल गेला. तीन महिने साठलेलं सगळं मी फाट्यावर उभा राहून बोललो. हिरव्या फडक्यापासून पेन्शनच्या रांगेपर्यंत काही शिल्लक ठेवलं नाही. ते मान खाली घालून पुन्हा पुन्हा पाना लावत राहिले, तेव्हा मी थांबलो. साडेसात झाले होते. रमेशचा फोन आला, बाई त्याला म्हणाल्या, येते रे, निघालेच. आवाजात जराही तक्रार नव्हती, पण त्यांनी खोचलेला पदर सोडला होता.

सावेसाहेब पंक्चरवाल्याच्या टपरीकडे धावले. साठी ओलांडलेला तो जाडा माणूस धावताना मी प्रथमच पाहिला. करवतीचं पातं घेऊन ते आले आणि रस्त्यावर गुडघे टेकून त्यांनी स्वतःचा रॅक कापायला सुरुवात केली. बोल्ट पोलादी, तो कापेना, म्हणून क्लॅम्पच कापले. जयंतीभाईंकडून दोनदा करून घेतलेले, चार रविवार तपासलेले ते क्लॅम्प त्यांनी कापून नाल्यात फेकले. बोटातून रक्त येत होतं ते पँटला पुसलं. पावणेआठला सायकल जमिनीवर आली.

बाई बसल्या आणि निघाल्या. गाडीची किल्ली माझ्या हातात देऊन सावेसाहेब त्यांच्या मागे चालू लागले. ते म्हणाले की नुसतं दोन मिनिटं चाक बघतो. मी गाडी पहिल्या गिअरमध्ये मागून आणत होतो. झाडांपलीकडे रस्ता वळला आणि समोर घाटीच उभी राहिली. खडी निघालेली, खड्ड्यांची, सरळ वर गेलेली. बाई उठून उभ्या राहून पॅडल मारायला लागल्या. सावेसाहेबांनी धावत जाऊन कॅरियर धरला आणि ढकलू लागले. बाई म्हणाल्या, सोडा हो, मी चढते, मला सवय आहे. त्यांनी सोडला नाही. धापा टाकत, रस्ता बांधणाऱ्या ठेकेदाराला, सार्वजनिक बांधकाम खात्याला आणि एकूण सरकारला शिव्या देत ते त्यांच्यामागून वर चढत राहिले.

माथ्यावर त्यांनी हात काढला. पलीकडे उतार, त्यानंतर सुकलेला ओढा, आणि ओढ्यापलीकडे पुन्हा तेवढाच चढ. त्या चढावर शाळेची पोरं रांगेने उभी होती. बाई उताराला लागल्या तशी पोरं ओरडत खाली धावली. पुढच्या चढाला दहा-बारा पोरांनी मिळून सायकल ढकलली.

मी गाडी थांबवून दार उघडलं. सावेसाहेब बसले नाहीत. शर्ट घामाने चिकटला होता, रुमाल बोटाला गुंडाळलेला. बाई दिसेनाशा झाल्या तरी ते त्या ओढ्याकडेच बघत होते. पावसाळ्यात याला पाणी किती येत असेल, असं त्यांनी मला विचारलं. मला काय माहीत असणार. कमरेइतकं तरी येत असेल, मी म्हटलं.

त्यांनी बोटावरचा रुमाल पुन्हा घट्ट गुंडाळला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "पागधरे, मला वाटायचं, रस्ता सपाट असेल."